बोर्ड रिकामा होता

"भाऊ गेले, साहेब." युनियनच्या लखनचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या मंडईत मेथीची जुडी निवडत होतो. त्याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात दोघा-तिघांनी सुचवलं, "तुम्ही त्यांच्या जवळचे, तुम्हीच लिहा." जवळचे! हा शब्द मला अजून पचलेला नाही आणि म्हणूनच लिहायला बसलो आहे.

सुखदेव मेश्राम, म्हणजे सगळ्यांचे भाऊ, मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्याच्या पोटातून मेट्रोचा बोगदा खणला जात होता तेव्हा ते एका टोळीचे फोरमन होते आणि मी त्या पाळीचा इंजिनिअर. बोगदा कामगारांची युनियन त्यांनी विश्रांतवाडीतल्या आपल्या खोलीत काढली. पाच-सात माणसं, कोणी ओडिशाचं, कोणी झारखंडचं. सभेला कप पुरायचे नाहीत आणि एक भाषाही पुरायची नाही. "बोगदा संपला की सगळे आपापल्या गावी जाणार. मग युनियन हवीय कशाला?" मी एकदा आपल्या खास पुणेरी सुरात विचारलं होतं. "गावी धड जाता यावं म्हणूनच ना, साहेब," ते म्हणाले. पहिली मागणीही तेवढीच होती. प्रत्येकाला स्वतःचा बिल्ला.

आत जाताना बिल्ला बोर्डावर टांगायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. बोर्ड रिकामा, म्हणजे आत कोणी नाही. पण मुकादम नवी माणसं बिल्ल्याशिवायच आणायचा आणि मग एकाच बिल्ल्यावर दोघे आत जायचे. हे मला ठाऊक होतं. भाऊंनी तीनदा सांगितलं आणि मी तिन्ही वेळा 'बघू' म्हणालो.

त्या दुपारी दोन बोगद्यांना जोडणारी आडवी वाट खणली जात होती आणि अचानक पाणी फुटलं. आधी गढूळ धार, मग नुसता चिखल. अशा वेळी त्या वाटेच्या तोंडावरचं लोखंडी दार लावायचं असतं, नाहीतर मुख्य बोगदा भरतो आणि वरचा रस्ता खचू शकतो. माणसं धावत बाहेर आली. त्या धांदलीतही प्रत्येकाचा हात सवयीने दाराशेजारच्या बोर्डाकडे गेला. शेवटचा बिल्ला निघाला आणि मी ओरडलो, "लावा दार!" दार फिरू लागलं. भाऊंनी फटीत पहार आडवी घातली.

"लखन आत आहे."

"अहो भाऊ, बोर्ड बघा!"

"मी तोंडं पाहून राहिलो, साहेब."

मी पुन्हा ओरडलो. माझ्या डोळ्यांपुढे वरचा रस्ता होता, त्यावरच्या बसेस होत्या. पाणी गुडघ्याला लागलं. लखनच्या जोडीदाराने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि तो माझ्यापुढे धरला. दोघांचा तो एकच बिल्ला होता. भाऊ एव्हाना आत शिरले होते. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी तिसऱ्यांदा "दार लावा" म्हणालो, एवढं मात्र आठवतं. पहार काढायला कोणी पुढे झालं नाही. मग भाऊ दिसले, लखनला काखेत धरून ओढत आणणारे. ते बाहेर येताच पहार निघाली आणि दार लागलं.

अहवालात मी लिहिलं, 'सर्व कामगार वेळेत बाहेर आले.' अक्षर माझं नेहमीच चांगलं! सुरक्षेच्या कामात अडथळा आणला म्हणून कंपनीने भाऊंना काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी एकही माणूस खाली उतरला नाही. सगळे बोगद्यात उतरायच्या शाफ्टच्या तोंडाशी बसून राहिले आणि मी गाडीची काच वर करून त्यांच्यासमोरून गेलो. चौथ्या दिवशी कंपनी नमली. माणशी एक बिल्ला मिळाला आणि दार लावण्याआधी माणसं मोजायची, असं ठरलं. भाऊंना परत घ्या, ही मागणी भाऊंनीच यादीतून काढायला लावली होती. त्यांना भीती होती की तेवढ्यावर बोलणी मोडतील. पुढे छातीचं दुखणं जडलं, तरी युनियन त्यांनी सोडली नाही. माझ्याशी नेहमीसारखेच बोलत. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

गेल्या रविवारी त्याच खोलीत शोकसभा झाली. कोणीतरी माझी ओळख करून दिली, "हेच ते इंजिनिअर साहेब. यांनीच लखनसाठी दार उघडं ठेवलं." माणसं उठून उभी राहिली. नव्या प्रत्येक टोळीला भाऊ हेच सांगत आले होते म्हणे. मी खाली मान घालून बसून राहिलो.

सगळे गेल्यावर लखन सतरंज्या गुंडाळत होता. आता तोच युनियनचा सेक्रेटरी आहे. झारखंडचा हा माणूस मराठी शिकला ती भाऊंकडून, त्यामुळे त्याच्या तोंडून भाऊच बोलल्यासारखे वाटतात.

"लखन, त्या दिवशी दार लावा म्हणणारा मी होतो."

"माहीत आहे ना, साहेब. आतून तुमचाच आवाज ऐकून राहिलो होतो मी."

"मग इतकी वर्षं...?"

"भाऊ म्हणाले, बोर्डाजवळच्या माणसावर भरवसा नसला तर कोण उतरेल खाली?"

"आता तरी खरं सांग सगळ्यांना."

त्याने सतरंजी कोपऱ्यात ठेवली. "मी नाही सांगणार, साहेब. तुमचं आहे ते. तुम्ही सांगा."

तेव्हा सांगतो. दार भाऊंनी उघडं ठेवलं. मी ते लखनवर तीनदा लावत होतो.