दावल पेंटरचा सात

कचेरीत दोन गोष्टी न मागता साठतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीला झाडतात तरी! किस्से तसेच राहतात आणि माणूस पेन्शनीत गेला की त्याच्याबरोबर घरी येतात. माझे सगळे किस्से सोलापूरच्या पोलीस कचेरीतल्या, मोटारी नोंदवायच्या खिडकीतले आहेत. साल तीसच्या आगेमागे मी तिथं धाकटा कारकून होतो. जिल्ह्यात मोटारी मोजक्याच, पण मोटारवाले एकेक नमुने!

खिडकीचे मालक म्हणजे आमचे हेडक्लार्क तात्या. मोटार आली की तात्या रजिस्टरात मालकाचं नाव, गाव, इंजिनचा नंबर लिहीत आणि पुढचा आकडा देत. जिल्ह्याचं अक्षर आणि तो आकडा इंग्रजीत एका चिठ्ठीवर उतरवून म्हणत, "जा दावलकडे!"

दावल पेंटर मोटारस्टँडवरच्या लिंबाखाली बसायचा. चिठ्ठी बघून काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं दोन पाट्या रंगवायचा, एक पुढची, एक मागची. पाट्या तात्यांच्या खिडकीत पास व्हायच्या, मगच मोटार रस्त्यावर. इतक्या वर्षांत तात्यांनी दावलची एकही पाटी परत पाठवली नव्हती. आणि तात्या म्हणजे साहेबांच्या इंग्रजीतल्या चुका काढणारा माणूस!

* * *

माळशिरसकडचे एक पाटील नवीकोरी मोटार घेऊन आले. नंबराचं नाव काढताच भडकले.

"नंबर कैद्याला असतो! आमाला वळकत न्हाय असा मानूस हाय का तालुक्यात?"

तात्या शांतपणे म्हणाले, "तालुक्यात नाही. पण तालुक्याबाहेर जायला म्हणूनच मोटार घेतलीत ना, पाटील?"

पाटलांनी चिठ्ठी घेतली. तरी लिंबाखाली जाऊन दावलला म्हणालेच, "आकडा बारीक काढ आन् वर 'पाटील' ठळक लिव्ह."

दावलनं मान वर केली नाही. "नंबर सरकारचा, साब, नाव तुमचं. नाव दारावर लिवतो, फुकट लिवतो. हितं नक्को."

पाटलांनी कागदावर नाव काढून दिलं, दारावर रंगवून घेतलं आणि जाताना दावलला मोटारीतून स्टँडभर एक चक्कर मारून आणलं. दावल बसला होता मात्र मागं तोंड करून. का, तर पाटी हलते का ते बघायला!

* * *

वैरागच्या एका शेटजींना एक्कावन्न नंबर हवा होता. म्हणे शुभ असतो. रजिस्टरात एकोणपन्नास झाले होते, म्हणजे पुढचा पन्नास.

"एक ओळ तेवढी सोडा की, तात्या!"

"शेटजी, ही ओळ मी सोडली तर उद्या पन्नास नंबरची मोटार कुणाला धडकली, तर मी कुणाच्या दारात शिपाई पाठवू?"

शेटजी दोन दिवस कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. कुणीतरी मोटार आणील आणि पन्नास घेऊन जाईल, या आशेवर. सोलापुरात त्या दोन दिवसांत एकाही माणसानं मोटार घेतली नाही! तिसऱ्या दिवशी शेटजी हसत आले. एका हाताला मेव्हणा, दुसऱ्या हाताला जुनी मोटारसायकल. मेव्हण्यानं पन्नास घेतला, शेटजींनी एक्कावन्न!

मेव्हण्याला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती.

* * *

दसऱ्याला मोटारींची पूजा व्हायची आणि हळदकुंकवाचा पहिला मान नंबराच्या पाटीला. त्या दिवशी गावात एकाही मोटारीचा नंबर दिसायचा नाही. एका दसऱ्याला आमचे गोरे पोलीससाहेब नेमके स्टँडवर उतरले.

"ये कौनसा नंबर है?" साहेबांनी एका मोटारीकडं छडी केली.

दावल धावला. ओल्या फडक्यानं कुंकू हळूच टिपलं आणि अदबीनं बाजूला झाला.

"पढो!"

दावल फडकं पिळत राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "पढना नहीं आता, साब."

आम्ही थक्क! दावल अक्षरओळखच नसलेला माणूस होता. तात्यांची चिठ्ठी तो चित्रासारखी बघून उतरवायचा. साहेब लालेलाल झाले. जिल्ह्यातले सगळे नंबर न वाचता येणारा माणूस लिहितो? हुकूम सुटला की पुढच्या महिन्यापासून पाट्या पुण्याहून, साच्यात ठोकलेल्या, ठशाच्या येतील, हे काम बंद. बारा वर्षांचं काम आणि घरात खाणारी सात माणसं. मला फार वाईट वाटलं.

दावलनं तक्रार केली नाही. तात्यांना एवढंच विचारलं, "तात्यासाब, ठशाच्या पाटीत हात कुनाचा असनार?"

* * *

महिना संपायला चार दिवस राहिले असताना करकंबचा एक धनगर चालत कचेरीत आला. बिरू त्याचं नाव. बाजारच्या दिवशी उतारू नेणारी एक सर्व्हिस मोटार त्याच्या मेंढरांत घुसली, पाच मेंढरं मेली आणि मोटार न थांबता पळाली.

साहेबांनी विचारलं, "लिहिता येतं?"

"न्हाय."

"मग नंबर कसा सांगणार?"

"मेंढराच्या कानाला खुना असत्यात, साहेब. माझ्या दोनशे मेंढरांच्या मला पाट हायत. ह्यो तर एकच व्हता की!"

त्यानं कोळसा घेतला आणि फरशीवर नंबर काढला. अक्षर, आणि पुढं एकशे चौऱ्याहत्तर. तात्यांनी रजिस्टर न उघडताच नाव सांगितलं, मल्लप्पा ड्रायव्हर. स्वतःची सर्व्हिस, कधी कुणाला धक्का न लावलेला माणूस. मल्लप्पा आला आणि रडायलाच लागला.

"अय्यो साहेब, त्या दिवशी मी रिकामी मोटार घेऊन एकटाच वैरागला चाललो होतो!"

साक्षीदार कुणी नाही. साहेबांनी लायसन मागितलं. मल्लप्पाचा हात खिशातून बाहेर येईना.

दावल दारात उभा होता, शेवटच्या पाट्या घेऊन. तो पुढं आला आणि कोळशाच्या आकड्याजवळ उकिडवा बसला.

"बिरूभाऊ, ह्याच्या पोटात ही आडवी रेघ व्हती?" त्यानं साताकडं बोट केलं.

"व्हय की. हाय तसं काडलंय."

"साब, ही पाटी माझी न्हाय. मी ह्याला रेघ देत न्हाय."

साहेबांनी मल्लप्पाची पाटी मागवली. सात बिनरेघेचा. मग स्टँडवरच्या सगळ्या मोटारी बघितल्या. दावलच्या एकाही साताला रेघ नव्हती.

तिसऱ्याच दिवशी पंढरपूरच्या रस्त्यावर ती मोटार सापडली. बिनरजिस्टरची, चोरून मल्लप्पाचा नंबर लावलेली, साताच्या पोटात रेघ! बिरूला भरपाई मिळाली, मल्लप्पाचं लायसन त्याच्याच खिशात राहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः लिंबाखाली आले. हातात पुण्याच्या ठशाच्या पाट्यांचा हुकूम होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर फाडला आणि दावलला म्हणाले, "मी तो नंबर बघितला. हेडक्लार्कनं बघितला. आम्हाला दोघांना वाचता येतं. मग रेघ तुलाच कशी दिसली?"

दावल ब्रश पुसत म्हणाला, "वाचता आलं असतं, साब, तर मलाबी नुस्ता सातच दिसला असता की!"