वाटेत झोपलेला माणूस

देवाची मी कधी चेष्टा केली नाही, पण त्याच्यावाचून माझं काही अडतही नव्हतं. वडील पहाटे दत्ताचं स्तोत्र म्हणत, तेव्हा मी पाठीला सॅक लावून डोंगराच्या वाटेला लागलेलो असे. पुढे अमेरिकेत आलो, ऑफिसात जीव रमेना म्हणून अलास्कात गाईड झालो. माझ्या नजरेतून माणूस निसटत नाही, असा मोठा तोरा होता मला. नव्वदच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये, भर दुपारी, तो तोरा उतरला. त्या दिवसाची भीती अजून अंगातून पुरती गेलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्या दिवशी माझ्याबरोबर आठ जण होते, कॅलिफोर्नियातल्या मुलांकडे राहायला आलेले सगळे आईवडील. त्यांत साताऱ्याच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या. त्यांचे यजमान त्याच वर्षी वसंतात वारले होते, आणि आईला जरा बदल हवा म्हणून सनीव्हेलच्या मुलाने त्यांना एकटीलाच या सहलीला धाडलं होतं. "नीट सांभाळा हं तिला," असं त्याने फोनवर दोनदा बजावलं होतं. सकाळी व्हॅनमध्ये काकू पुढे वाकून म्हणाल्या, "अरे, त्या बर्फातून नदी निघते ना, तिचं पाणी घेता येईल का रे? ह्यांना गोमुखाला जायचं होतं. राहूनच गेलं." मी वळणावर होतो. "बघू हं काकू," म्हणालो आणि विसरून गेलो.

जंगलातल्या ट्रेलने चालत आम्ही ग्लेशियरसमोर पोचलो. तिथे आडवी दोरी बांधलेली होती. तिच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही, बर्फाचा कडा कधीही कोसळतो, हे मी तीनदा सांगितलं. मग दशम्या खाता खाता सह्याद्रीतले पराक्रम रंगवून सांगत बसलो. निघताना डोकी मोजली, तर सात भरली. पुन्हा मोजली, तरी सातच. बाकावर काकूंची पिशवी तेवढी होती.

"त्या गडू घेऊन गेल्या," फोटो काढत असलेले एक काका म्हणाले. "गोमुखासारखंच तोंड दिसतंय, तिथलं पाणी भरून आणते म्हणाल्या. मला वाटलं, तुला विचारलंय त्यांनी."

विचारलं होतं. सकाळीच विचारलं होतं. बर्फाच्या कड्याखाली एक निळी गुहा होती, तिच्यातून नदी बाहेर पडत होती आणि नेमका तिथेच बर्फ ढासळत असे. मोठमोठे ताजे ढिगारे तिथे मी सकाळीच पाहिले होते. बाकीच्यांना जागचं हलू नका म्हणून ओरडलो आणि दोरीखालून पळत सुटलो. पाण्याच्या आवाजात माझ्या हाका मलाच ऐकू येत नव्हत्या. वर कुठेतरी बर्फ तडकला की मी आणखी जोरात धावत असे. काकूंच्या मुलाला फोनवर काय सांगायचं, पहिलं वाक्य कोणतं, हेच डोक्यात फिरत होतं. पाय घसरला, गुडघा फुटला, आणि मी लहान मुलासारखा रडकुंडीला आलो. वडिलांचं स्तोत्र आठवायला गेलो तर एक ओळ आठवेना. शेवटी नुसतं म्हणालो, "दत्ता, माझ्या हातात काही राहिलं नाही. तू बघ."

खडकाला वळसा घातला आणि काकू दिसल्या. वाट तिथे जेमतेम माणूसभर रुंद होती, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला खाली फेसाळतं पाणी. काकू रिकामा गडू छातीशी धरून स्वस्थ उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात, अख्खी वाट अडवून, एक दांडगा दाढीवाला माणूस तोंडावर टोपी घेऊन घोरत पडला होता. मला पाहताच काकूंनी ओठांवर बोट ठेवलं.

"केव्हाची उभी आहे रे," त्या कुजबुजल्या. "झोपलेल्या माणसाला ओलांडायचं कसं? आणि उठवायचा तरी कशाला, किती गाढ झोपलाय बिचारा."

मी त्यांचा दंड धरला आणि तेवढ्यात कडा कोसळला. आधी नुसतं दिसलं, आवाज मागून आला. घराएवढा तुकडा गुहेच्या तोंडावर आदळला, पायाखालचा कातळ थरथरला आणि गार पाण्याचे शिंतोडे आमच्या तोंडावर उडाले. धुरळा बसल्यावर पाहिलं तर ते निळं तोंड दिसतच नव्हतं. काकू माझ्या हाताला गच्च धरून उभ्या होत्या.

तो माणूस दचकून उठला. आधी आमच्याकडे, मग कड्याकडे पाहत ओशाळून म्हणाला, "माफ करा, मी तुमच्या वाटेत आलो का?" माशांच्या कारखान्यात रात्रपाळी करून तो इकडे आला होता, उन्हात दोन मिनिटं पाठ टेकावी म्हणून आडवा झाला होता. मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानू लागलो. तो गोंधळून गेला. "कशाबद्दल? मी तर झोपलो होतो."

परतताना खालच्या लाकडी पुलापाशी, जिथे पाणी उथळ आहे, तिथे काकूंनी गडू भरला. त्यांचा हात धरून मीही पाण्यात उतरलो होतो.

याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मी ठरवत बसत नाही. थकलेला माणूस कुठेही झोपतो, हे मलाही कळतं. पण त्या दिवशी जे जे करण्यासारखं होतं ते मी केलं होतं, बजावलं होतं, मोजलं होतं, जीव तोडून धावलो होतो, आणि तरीही पोचायला मला उशीरच झाला होता. काकू वाचल्या त्या काहीही न करणाऱ्या एका माणसामुळे, आणि आपण कुणाला वाचवलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून आभार नेमके कुणाचे मानायचे हे मला ठाऊक नाही. मी आपला रोज सकाळी व्हॅन सुरू करण्याआधी हात जोडतो, डोळे मिटतो, आणि क्षणभर काहीच करत नाही.