बापाच्या वाट्याची बिअर

वरच्या मजल्यावरच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना ते आपले हॉप्स माझ्या फ्रीजमध्ये कोंबून गेले. धड विचारलंसुद्धा नाही. दार वाजवलं, मी उघडलं, ते थेट स्वयंपाकघरात. माझे मटार बाजूला सारून त्यांनी चकचकीत पिशव्या आत रचल्या आणि म्हणाले, "मॅडम, इम्पोर्टेड आहेत, टाकू नका हं. कधीतरी बनवून टाका. तुम्ही केमिस्ट, तुम्हाला काय अवघड!" मागोमाग माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, अर्धी गोणी आली, घट्ट झाकणाची पांढरी बादली आली, नळ्या, बाटल्या, बुचं बसवायचं यंत्र आलं. त्यांचा ट्रक भरला होता, म्हणून माझा व्हरांडा भरला.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडूपणा आणि वास येतो तो त्यांच्यामुळे. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात, दिसायला कोंबड्यांच्या खाद्यासारख्या. साहेबांनी आणि त्यांच्या कुठल्याशा ग्रुपने मिळून गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागवले होते आणि शेवटी सगळे यांच्याच गळ्यात पडले होते. साहेब पुण्याकडचे, बिअर घरी बनवायचा त्यांना छंद. रविवारी ऊर्जानगरच्या, म्हणजे आमच्या चंद्रपूर वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, त्या क्वार्टरमध्ये शेजारपाजाऱ्यांना बोलावून पेले भरायचे, वास कसा घ्यायचा ते शिकवायचे, आणि आम्ही माना डोलवायचो. मधली काही वर्षं गडचिरोलीसारखी चंद्रपुरातही दारूबंदी होती. तेव्हाही यांची बादली बुडबुडत होती. जिन्यात वास यायचा, पण कुणी काही म्हणालं नाही, कारण तो छंद होता.

माझी माय गडचिरोलीत, अहेरीच्याही पुढे, जंगलातल्या गावात राहते. तीही फुलांपासूनच बनवते, मोहाच्या. फरक एवढाच की तिच्या दारात खाकीवाल्यांची गाडी येते.

माझे वडील गेले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. आम्हा गोंडांकडे माणूस मेला म्हणजे गेला असं होत नाही. त्याला पेनात मिळवावं लागतं, म्हणजे घरातल्या आधीच्या सगळ्या गेलेल्यांत नेऊन बसवावं लागतं. ते पुस महिन्यात, म्हणजे पौषात, होतं. गावचा भूमिया येतो, पूजा करतो, आणि गेलेल्याच्या नावाने जमिनीवर दारूची धार सोडतो. तोवर तो जीव घराबाहेर. आत नाही, दुसरीकडेही नाही. माय रोज सांजच्याला त्याच्या वाट्याचा भात दाराबाहेर ठेवायची. आणि ती धार विकतच्या दारूची चालत नाही, उसनी आणलेली चालत नाही. ज्या घरचा माणूस, त्या घरच्या हातची लागते.

दिवाळीनंतर मायनं त्यासाठी फुलं भिजत घातली. आमच्याच झाडांची, चैत्रात तिनं एकटीनं वेचलेली, वाळवून ठेवलेली. ती आंबली, तिनं मडकं चुलीवर चढवलं आणि त्याच दिवशी गाडी आली. खाकीतल्या चौघांनी मडकं फोडलं, भिजलेली फुलं नालीत ओतली, आणि वाळलेल्या फुलांचं पोतंही त्यांच्यावर उपडं केलं. तुटलेल्या मडक्याशेजारी मायला उभं करून फोटो काढला. "पुढच्या टायमाले गाडीत बसवून नेऊ, आजी," असं सांगून गेले. माझी माय दम्याची. चूल ते दार एवढं चाललं तरी तिला थांबावं लागतं. तिला गाडीत घालून नेणार होते हे शूर लोक.

इथे कुणी मला दारूबंदीचं महत्त्व समजावून सांगू नये. गडचिरोलीत दारू बंद करा म्हणून बायाच रस्त्यावर आल्या होत्या आणि त्यांत माझी माय होती. दुकानातल्या बाटलीनं आमच्या गावात काय केलं ते तिनं पाहिलंय, मीही पाहिलंय. दुकान गेल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पण नवऱ्यासाठी चढवलेलं एक मडकं आणि दुकान यांतला फरक कळायला फार अक्कल लागत नाही. तेवढीही कुणाजवळ नव्हती.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं होतं. त्यांची बदली व्हायच्या आधीचा तो शेवटचा रविवार. मला वाटलं, माणूस स्वतः बनवतो, त्याला कळेल. हातातला पेला उजेडात धरून ते रंग बघत होते. म्हणाले, "वाईट झालं, पण कायदा तो कायदा. ती गावठी म्हणजे विषच हो. किती घरं बसली त्यानं. मी करतो ते क्राफ्ट आहे, त्याची यात गल्लत नको करायला." बाकीच्यांनी माना डोलवल्या. घरी येऊन मी कपबशा अशा आदळल्या की नवरा शिफ्टवरून येऊन झोपला होता तो उठून बसला.

आणि आता त्याच क्राफ्टवाल्याचा माल माझ्या घरात पडला होता.

फोनवर माय म्हणाली, "आता मडकं चढवत नाई मी. गावात कोनीच चढवून नाई राह्यलं. सगळे भेले." वास दूरवर जातो ना मोहाचा. मग मी फ्रीज उघडला आणि त्या पिशव्यांकडे पाहत उभी राहिले. बाबाला भाऊ नाही, मला भाऊ नाही. घरचे हात म्हणजे मायचे आणि माझे. मायच्या हातांना त्यांनी धाक घातला होता, माझे मोकळे होते. ठरलं. जो माल छंद म्हणून चालतो, त्याचीच धार माझा बाप पिईल.

रागात बनवलेली बिअर कशी असते ते सांगते. माल्ट भरडला, कोमट नाही आणि उकळता नाही अशा पाण्यात भिजवला, गाळून गोड पाणी काढलं. प्रयोगशाळेतल्या सवयीनं थर्मामीटर हातात. ते पाणी उकळायला लागलं की हॉप्स टाकायचे. साहेब मूठभर टाकायचे आणि वर हात झटकून दाखवायचे. मी अख्खी पिशवी टाकली. मग दुसरी. ठेवायचे कुणासाठी? माझ्या मटारांची जागा अडवायला? पातेलं हिरवं झालं, घरभर वास सुटला, संत्र्याची साल आणि कडुलिंब एकत्र वाटल्यासारखा. थंड करून यीस्ट घातलं, बादली बंद केली. थंडीचे दिवस होते, ते मात्र बरं झालं. बुडबुडे ओसरल्यावर वास वाढवायला पुन्हा हॉप्स टाकतात म्हणे, तेव्हा राहिलेल्या सगळ्या पिशव्या आत रिकाम्या केल्या. फ्रीज मोकळा झाला. बाटल्या भरताना थोडी चाखली. जीभ आत ओढली गेली. नवऱ्यानं एक घोट घेतला, बेसिनपाशी गेला आणि तिकडूनच म्हणाला, "हे कोणाले पाजतं व?" मी सांगितलं. मग त्याने पेला धुऊन ठेवला.

पुसात बाटल्या वाकळीत गुंडाळून, पिशवीत भरून मी अहेरीच्या बसमध्ये बसले. नदीचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. पुलाच्या त्या बाजूला बस थांबवली, तपासणीवाले चढले. माझ्यापुढच्या सीटवर एक म्हातारी होती, मांडीवर गाठोडं. ते सोडायला लावलं. आतून तिची लुगडी, पोह्यांची पुडी, तंबाखूची डबी निघाली. सगळं सीटवर पसरवलं. माझ्या गळ्यात नोकरीचं ओळखपत्र होतं, साडी इस्त्रीची होती. मला म्हणाले, "मॅडम, पाय जरा आत घ्या." आणि पुढे गेले. माझ्या पायाशी दारू होती. ती म्हातारी खाली वाकून आपली डबी शोधत होती आणि माझं डोकं असं तापलं होतं की मी उठून पिशवी उघडून दाखवावी असं वाटलं. पण बाबा बाहेर बसला होता. मी पाय आत घेतले.

माय माझ्याशी अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत बोलते. बाटल्या पाहून तिनं एक बाटली उघडून नुसता वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "फुलाचीच हाय," मी म्हटलं, "येलाचं फूल रायते." तिनं पदरानं बाटलीचं तोंड पुसून ती कोपऱ्यात नीट उभी ठेवली. तिचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. अंगण सारवलेलं, तांदूळ मांडलेले, कोंबडा बांधलेला. भूमिया आला. बाबाच्या बरोबरीचा, त्याच्याच संगतीनं रानात फिरलेला. मोहाच्या पानाच्या द्रोणात मी बिअर ओतली, फेस बाहेर आला, पोरं हसली. भूमियानं आधी स्वतः चाखली आणि त्याचं तोंड पार वेडंवाकडं झालं.

"काय पोरी, किराईताचा काढा पाजून राह्यली का मले?"

सगळे हसले. मी तयारीनं गेले होते. वाद घालायचाच होता मला. मोहाची नाही म्हणून अडवलं, तर काय काय सुनवायचं ते बसमध्ये सगळं ठरवलं होतं.

पण तो म्हणाला, "चालन. पेनाले कडू-गोड नाई रायत. मोह नासवला त्याहीनं, तं माणसानं काय करावं? घरची असली म्हंजे झालं." आणि द्रोण उचलला. माय हात जोडून उभी राहिली. तो धार सोडणार, तेवढ्यात सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "कोनं बनोली व? मायनं?"

"मी बनोली, काका," मी म्हटलं. "माह्या हातानं."

त्यानं द्रोण खाली ठेवला.

"तू? मंग नाई जमत."

मला कळेचना. मी मायकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मला आजही ते नीट गिळता येत नाही. भूमिया समजावून सांगत होता, आवाज अजिबात न चढवता. हे घर सात देवांच्या कुळाचं. मला दिली सहा देवांच्या घरी. लग्नाच्या दिवशी माझे देव बदलले. माझी माय या घरात आली, ती या घरची झाली. मी गेले, ती त्या घरची झाले. माझ्या हातची धार बाबाला पोचणार नाही, माझ्या सासऱ्याच्या पितरांना पोचेल. "तुह्यात खोट नाई पोरी," तो म्हणाला, "पन तू या घरची नाई."

मी ओरडले. भूमियापुढे कुणी ओरडत नाही, बाई तर नाहीच नाही. मी विचारलं, बाप आजारी पडला तेव्हा त्याला अहेरीला कोणी नेलं? चंद्रपूरला कोणी नेलं? दवाखान्यात रात्रंदिवस उशाशी कोण होतं, सहा देव होते का सात? खाकीवाल्यांनी मडकं फोडलं, साहेबांनी विष म्हटलं, ते परके होते. तुम्ही तर आपले ना? भूमियानं सगळं ऐकून घेतलं. मग अक्षता आवरल्या आणि म्हणाला, "पुढच्या पुसात पाहू." कोंबडा सोडून दिला. माणसांनी जेवण केलं, कारण शिजलं होतं. काहींनी ती बिअर चाखली आणि कुंपणापाशी जाऊन थुंकली.

सगळे गेल्यावर मी मायवर घसरले. दुसरं होतं कोण? "तू काऊन नाई बोलली? तूच 'मी बनोली' म्हणून सांगतलं असतं, तं काय झालं असतं?"

"त्याले खोटं सांगतलं असतं," माय म्हणाली, "तुह्या बापाले कसं सांगू?" ती भात काढत होती. बाबाच्या वाट्याचा.

"आन तू मेली मंग?" मी म्हटलं. असं कुणी आईला विचारतं का? मी विचारलं. "तुह्यासाठी कोन बनवन? या घरी हात कोनाचा हाय? माहा तं चालत नाई तुमाले!"

माय भात घेऊन दारापर्यंत गेली, चौकट धरून उभी राहिली. मला वाटलं, आता तरी रडेल. तिनं भात बाहेर ठेवला आणि तिथेच टेकली.

"माह्यासाठी कोनी नाई, मले मालूम हाय," ती म्हणाली. "मी राहीन बाहेर. पन माह्या हातानं त्याले आत धाडल्याबिगर मले मरता येत नाई. पुढच्या पुसापर्यंत जगा लागते."

एवढं बोलायलाही तिला मधे दोनदा थांबावं लागलं.