भिंतीवरची फणी

सुनेने मागवलेलं एक खोकं सकाळपासून दारात पडून आहे. त्यावर छत्री, काचेचा पेला आणि वर तोंड केलेले दोन बाण छापलेत. खोकं आत ओढायचंही हल्ली जिवावर येतं; मी आपला खुर्चीत बसून त्या छत्रीकडे बघत राहिलो. अशा छत्र्या हाताने उमटवणारा एक माणूस माझा शेजारी होता. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. थेरगावातल्या पत्र्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये एकच भिंत होती, आणि आम्ही कामालाही एकाच कंपनीत. मी स्टोअर्समध्ये कारकून, तो पॅकिंगमध्ये. लाकडी खोक्यावर नक्षी कापलेला पत्रा धरायचा आणि रंगात बुडवलेला चिंधीचा बोळा त्यावर थोपटायचा, एवढंच त्याचं काम. शिफ्टभर छत्री, पेला, बाण.

भोंगा झाला की आम्ही सगळे कामाचं नाव काढत नसू. हा मात्र उरलासुरला काळा रंग तुपाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणायचा, घरातली एखादी वस्तू भिंतीला टेकवायचा आणि तिच्या कडेकडेने बोळा थोपटत बसायचा. वस्तू उचलली की तिच्या आकाराचं पांढरं तेवढं मागे उरे. पळी, पोळपाट, मिसरीची डबी, बायकोची चप्पल, तिची फणी. एकेक वस्तू चार-चारदा, ओळीने, खोक्यांवर मारावी तशी. ना देव, ना फूल, ना मोर. चित्र म्हणजे कॅलेंडरावरचं, एवढीच माझी अक्कल. दारातून ती भिंत दिसली की माझं डोकं उठायचं. आल्यागेल्यासमोर मी त्याची टिंगलही केली आहे.

मूग-उडदाची सुगी आली की त्याची बायको दोन-तीन महिने लातूरकडच्या गावी जाई. एकदा निघता निघता तिने त्याला माझ्यासमोरच झापलं, "फनी काळी केलाव की माझी! आता केसाला काय लावू?"

तो हसला. "असू दे की. तू गेल्यावर फनी तर दिसंल हितं."

त्या वर्षी गावी तिला कावीळ झाली. मग पत्र आलं, ते मीच त्याला वाचून दाखवलं: आता उतार आहे, येऊन घेऊन जा. तो हरखून निघाला, जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेला. दसरा तोंडावर आलेला, चाळीत जिकडेतिकडे चुन्याचे हात चाललेले. माझ्या मनात आलं, आजारातून उठून येणारी बाई, तिला खोली कशी लख्ख दिसायला हवी. निळीची चिमूट टाकून मी स्वतः चुना कालवला. काळं दिसेनासं व्हायला तीन हात द्यावे लागले. शेजारधर्म होताच, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर तिसरा हात देताना मला फार बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी तो आला तो एकटाच. डोक्यावरचे केस उतरवलेले पाहिले आणि ती गेली हे मला कळलं. तिचं सगळं सामान तिकडेच कुणाकुणाला देऊन टाकलं होतं, फणीसुद्धा. किल्ली घेऊन तो आत गेला आणि भिंतीसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "चांगलं केलाव भाऊ. खोली उजळली."

मला राहवलं नाही. ओलं फडकं आणि चाकू घेऊन मी एक कोपरा खरवडायला लागलो. फणीचे दोन दात दिसले न दिसले तोच चुन्याबरोबर पोपडा हातात आला. त्याने माझं मनगट धरलं.

"राहू द्या भाऊ. खरवडलं तर तीबी जाईल. आत हाय तर हाय."

पुढे दहा वर्षं तो त्या खोलीत राहिला. भिंतीला खिळा ठोकू दिला नाही, की दसऱ्याला नवा हात. रंगाचा डबा पुन्हा घरी आला नाही. रोज छत्र्या मारून यायचा आणि त्या भिंतीकडे तोंड करून जेवायचा. पलीकडून मला त्याच्या ताटाचा आवाज ऐकू येई, आणि दर वेळी वाटे, आज जाऊन माफी मागावी. गेलो नाही. माणूस इतका दमत असतो का, की दोन शब्द बोलायला दहा वर्षं पुरू नयेत? मी दमलो नव्हतो, मला लाज वाटत होती.

मग आम्हा सगळ्यांना उठवून चाळ पाडली. भिंत कोसळताना चुन्याचे पापुद्रे सुटतील आणि आतलं सगळं उघडं पडेल, हे मला ठाऊक होतं. त्याचं बोलावणं आलं होतं, तरी त्या दिवशी मी तिकडे फिरकलो नाही.