बायच्या टीव्हीची वायर

या पानावरचे अनुभव मी वर्षभर वाचतोय. खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचायचो. वडाचं झाड, पांढरी साडी, गाडी बंद पडली... जेवताना बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आज आहे का, तेही मला सांगता येणार नाही. माझ्या अनुभवात भूतबीत काही नाही. एक टीव्ही आहे, त्याला मागून लावलेली तीन फूट वायर आहे, आणि मी काय केलं ते आहे. हे सगळं मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतो, कारण इथे मला कोणी ओळखत नाही.

वय बावन्न. राहणार वळ, भिवंडी. आमच्या गावाला आता गाव म्हणायचं ते फक्त कागदावर — शेतं होती तिथे गोडाऊन झाली. आमच्याही जमिनीवर झाली. मग मी रस्त्याच्या अंगाला नवीन बंगला बांधला. तळमजला, वर एक मजला, पुढून सगळी काच. जुनं घर गावात आतल्या बाजूला, पुढे कौलं, मागे पत्रा. नव्या घरापासून स्कूटरने पाच मिनिटं.

घरात मी, बायको सुनंदा, मुलगी आणि माझी थोरली बहीण. तिला आम्ही सगळे बाय म्हणायचो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, मला बायनेच वाढवलं. तिचं लग्न झालं नाही. जुळवायला कोणी बसलंच नाही. नवीन घरात येण्याच्या आदल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत होतं. दिवसभर पलंगावर बसून टीव्ही बघायची. जुन्या घराच्या पत्र्यावर डिश होती, एक बॉक्स आमच्या खोलीत, एक तिच्या. आणि तिच्या टीव्हीचा आवाज... रस्त्यावरचा कंटेनरवाला सांगेल कुठली सीरियल चालू आहे, इतका मोठा. सीरियलमधल्या सासूला ती शिव्यापण द्यायची. "जल्ली मेली, तुज्या तोंडात माती!" आमच्याकडे आलेले पाहुणे दचकायचे.

नवीन घरात डिश लावायची नाही, हे सुनंदाने आधीच सांगितलं.

"एवढं पुढचं एलिव्हेशन केलंय, आणि त्याच्यावर काय ते टोपलं लटकवणार?"

आता डिश मागच्या बाजूला गच्चीवर लावली असती तर कोणाला दिसलीही नसती. मला ते माहीत होतं, सुनंदालाही माहीत होतं. पण आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसलो. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. घरात शांतता हवी होती. ठरलं — डिश जुन्याच घरावर राहू दे, इथे केबल घ्यायची. आणि केबलचं एकच कनेक्शन, खाली हॉलमध्ये.

बायला वरची मागची खोली दिली. पाहुण्यांना सांगायचो, हवेशीर आहे. खिडकी उघडली की समोर आठ-दहा फुटांवर गोडाऊनची निळ्या पत्र्याची भिंत. जिना उतरणं तिला शक्यच नव्हतं.

केबल लावायला शकील आला. आमच्या भागात त्याचीच लाईन. गच्चीवर वायर ओढता ओढता म्हणाला, "ऊपर अम्मा के रूम में भी देता हूँ ना, भाई. दूसरा बॉक्स है मेरे पास."

गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "वायर लगा दे, जोड़ना मत. पूछे तो बोल, लाइन का काम चालू है."

त्याने माझ्याकडे बघितलं. "पक्का?"

"पक्का. आवाज से दिमाग खराब होता है."

"आप मालिक हो, भाई." एवढंच बोलला. खाली जाऊन त्याने बायच्या टीव्हीवर एक जळका बॉक्स ठेवला, त्याला तीन फूट वायर जोडली आणि दुसरं टोक कपाटाच्या मागे सरकवून दिलं. टीव्ही लावला तर निळा पडदा आणि मधोमध 'नो सिग्नल'. बाय त्याला हात जोडून म्हणाली, "देव बरकत देवो रं बाबा तुला." शकील मान खाली घालून निघून गेला.

पहिला आठवडा ती रोज विचारायची.

"आयलं का रं लाईनवर?"

"उद्या येईल, बाय."

"आन् जुन्या घराला दिवा लावतो ना रोज? पाडनार तर न्हाय ना?"

"छे गं. ते तसंच ठेवणार. तुझी तुळसपण तिथेच आहे."

जुन्या घराची जागा मी गोडाऊनवाल्यांना गाड्यांच्या पार्किंगसाठी देऊन टाकली होती. तुळस वाळून गेली होती.

रोज सकाळी मी तिचा टीव्ही चालू करून रिमोट वरच्या फळीवर ठेवायचो. का, तर उद्या येईल असं तिला वाटत राहावं. हॉलमधला टीव्ही आम्ही अगदी बारीक आवाजात बघायचो.

नवव्या-दहाव्या दिवशी तिने विचारायचं बंद केलं. दुपारी चहा घेऊन वर गेलो तर बाय त्या निळ्या पडद्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. भरल्या घरातलं असतं तसं.

"आयलं," म्हणाली. "कालच आयलं."

मी खाली येऊन सुनंदाला सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. हो, हसलो. मग तो आमचा रोजचा खेळच झाला. सुनंदा ताट नेऊन ठेवायची आणि मोठ्याने विचारायची, "काय बाय, आज काय दाखवलं?" बाय सांगायची. जुनं घर दाखवतात. पुढची ओटी दाखवतात. आई सुकट वाळत घालतेय, मांजर हाकलतेय. कधी सांगायची, आज कोणीच नव्हतं, नुसता पत्रा वाजत होता. खाली आलं की सुनंदा नक्कल करून दाखवायची आणि मी म्हणायचो, "बरं झालं, रिचार्जची कटकट नाही." डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर होतं असं काहींना. मला ते पटलं. पटायला सोपं होतं.

एक दिवस ताट मी घेऊन गेलो. मीच विचारलं, मजा म्हणून, "काय बाय, आज कोण होतं?"

"आज तू व्हतास."

"मी? काय करत होतो?"

"गच्चीवर उभा. तो केबलवाला वायर वडतंय." मग तिने माझ्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत, माझ्या आवाजात — आवाज तिचाच होता, पण चाल माझी — म्हटलं, "वायर लगा दे, जोड़ना मत."

ताट तसंच घेऊन मी खाली आलो.

इथे तुम्ही म्हणाल, तिने ऐकलं असेल. म्हणून जे मी लिहायचं टाळत होतो ते आता लिहितो. बायला आवाज मोठा का लागायचा? तिला ऐकू येत नव्हतं. मी शाळेत असताना ती भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. पंधरा-सोळा वर्षं. आत लूम चालू असताना कानाशी ओरडलं तरी कळत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. माझी फी, माझी पुस्तकं, माझा कॉलेजचा पास, सगळं त्या खडखडाटातून आलं आणि तिचे कान त्यातच गेले. जवळ जाऊन मोठ्याने बोलल्याशिवाय तिला समजायचं नाही. ती गच्चीवरचं काय ऐकणार? आणि आवाजाचा त्रास होतो म्हणून मी तिचा टीव्ही बंद केला... मी.

त्यानेच तिला सांगितलं असणार म्हणून शकीलला फोन करून शिव्या घातल्या. तो म्हणाला, "बच्चों की कसम भाई, मैं तो शरम के मारे दुबारा आया ही नहीं."

त्या दिवशी तरी मी वायर जोडायला हवी होती. शकील दहा मिनिटांत करून गेला असता. मी जोडली नाही. जोडली तर आधी जोडली नव्हती हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा मी वर जाणंच कमी केलं.

जुनं घर पाडायचं ठरलं होतं शनिवारी. गुरुवारी दुपारी आम्ही जेवत होतो आणि वरून बायची किंकाळी आली. झटक्यानंतर तिचा एवढा आवाज मी ऐकलाच नव्हता. धावत वर गेलो. ती पलंगावरून अर्धी खाली आलेली, डावा हात टीव्हीकडे.

"मागला पत्रा उचकला! थांबव रं त्याला! अरं डिश पडली... ओटी पडली... मी आत हाय रं, मी आत हाय!"

मी पडद्याकडे बघितलं. निळा. 'नो सिग्नल'.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. पाडकाम घेतलं होतं त्या माणसाचा. "शेठ, जेसीबी आज मोकळा होता, म्हटलं उरकून टाकू. मागून चालू केलंय. पत्रे काढले. वर डिश होती ती पण गेली, चालेल ना?"

मी "चालेल" म्हणालो. काय म्हणणार? फोन ठेवला आणि टीव्ही आपोआप बंद झाला. फट् करून नाही... नेहमी होतो तसाच, साधा.

"गेलं," बाय म्हणाली.

मी तिला उचलून पलंगावर ठेवलं. कानाशी तोंड नेलं. तिथेही मी काय बोललो ते लिहितो, म्हणजे तुम्हाला कळेल मी कसला माणूस आहे. मी म्हणालो, "बाय, घर आहे. तुला भास होतात."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी मी चोरून गूळ खाल्ला की बघायची तसं.

"बाला, ते आयलं त्या दिसापासून मना समदं दिसत व्हतं," म्हणाली. "तुमी खाली हसायचे तेबी. मी काय बोलली का?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सुनंदाशी बोलायची, पाणी दे, पाठ दुखते, एवढंच. मी समोर आलो की खिडकीकडे मान वळवायची, त्या निळ्या पत्र्याकडे. त्याच रात्री मी शकीलला बोलावून चांगला बॉक्स लावून घेतला, पूर्ण पॅकेज. तिच्या आवडीची सीरियल लावली, आवाज पूर्ण मोठा केला. तिने डोळे मिटून घेतले. एकदाही बघितलं नाही. चौथ्या दिवशी तिने सुनंदाला सांगितलं, "बंद कर, कान दुखतात." ज्या कानांना काही ऐकू येत नव्हतं ते.

घर पाडल्यापासून सतराव्या दिवशी दुपारी ती गेली.

आमच्याकडे केबलच्या लोकल चॅनलवर श्रद्धांजली देतात. मीपण दिली. फोटो, दहाव्याचं ठिकाण, खाली 'शोकाकुल' म्हणून माझं नाव पहिलं. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर तीन दिवस दर तासाला बाय येत होती. पाहुणे म्हणायचे, काय भाऊ आहे, बहिणीला किती सांभाळलं. सुनंदा उठून आत जायची.

महिन्याने शकील वरचा बॉक्स काढायला आला. कपाटामागची ती तीन फूट वायर हातात घेऊन त्याने सहज विचारलं, "भाई, वो टाइम पे अम्मा का टीवी दिनभर चालू रहता था?"

"हो. सकाळी मी लावायचो, रात्री बंद करायचो."

"नहीं हो सकता. ये मॉडल में सिग्नल नहीं मिला तो दस मिनट में खुद बंद हो जाता है. सेटिंग में आता ही नहीं, कंपनी से है."

मी त्याला म्हणालो, चूक होतेय तुझी. त्याने कपाटामागे पडलेला जळका बॉक्स पुन्हा लावला, वायर पुन्हा तशीच मोकळी सोडली. आम्ही दोघं पलंगावर बसलो. दहा मिनिटं झाली आणि टीव्ही बंद झाला.

त्या पाच-सहा आठवड्यांत तो टीव्ही सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत चालू असायचा. मी पाहिलंय, सुनंदाने पाहिलंय, मुलीने पाहिलंय. रिमोट वरच्या फळीवर, बायचा हात पोचत नव्हता. जावई — मुलीचं लग्न झालं त्या वर्षी — इंजिनियर आहे, तो म्हणतो सॉफ्टवेअरचा काही प्रॉब्लेम असेल. असेलही. मग गच्चीवरचं वाक्य? गुरुवारचं? तो म्हणतो, योगायोग. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

मी तो टीव्ही काढलेला नाही. वायर तशीच मोकळी आहे. रोज दुपारी जेवण झालं की वर जातो, टीव्ही लावतो आणि बायच्या जागेवर बसतो. सुनंदा एकदा दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. आता ती विचारत नाही, आज काय दाखवलं.

निळा पडदा येतो. 'नो सिग्नल' येतं. मी बघत राहतो... आई दिसेल, ओटी दिसेल, ती दिसेल, शिव्या घालताना तरी दिसेल. दहाव्या मिनिटाला बंद होतो. मी उठून पुन्हा लावतो.