हेडबाईंची गुहा

हेडबाई दिवसातून चार-पाच वेळा मरायच्या आणि दर वेळी ते अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायच्या. "गेले! कारण, घाई." नाहीतर, "गेले! कारण, आगाऊपणा." आमच्या वारज्याच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेलं एक जोडपं पहिल्याच संध्याकाळी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या दारात धावलं होतं. हेडबाईंनी हातातला कंट्रोलर न सोडता दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मी खेळात मेले. आलाच आहात तर चपला बाहेर काढून बसा."

हेडबाई म्हणजे पेठेतल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. या खेळाची सुरुवात झाली ती एकदा मिक्सर दुरुस्तीला टाकायला त्या बुधवार पेठेत गेल्या तेव्हा. शेजारच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुकानदार व्हिडिओ गेम खेळत बसला होता. त्याचा गडी मेला, त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि मागे उभ्या असलेल्या हेडबाईंनी हटकलं, "अहो, मघाशी इथे भिंत होती." "दर वेळी गुहा नवीन होते, काकू," तो म्हणाला. मिक्सर दुकानातच राहिला आणि हेडबाई खेळाचं यंत्र मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आल्या. ते टीव्हीला जोडून द्यायला त्यांनी मला खाली बोलावलं, तेव्हापासून माझ्या संध्याकाळी त्यांच्याकडेच जाऊ लागल्या.

खेळ सरळ होता. हातात कंदील घेऊन गुहेत उतरायचं आणि अगदी तळाशी पोचायचं. कंदिलात तेल मर्यादित, ते वाटेत शोधायचं. जीव एकच. मेलात की गोळा केलेलं सगळं गेलं, पुन्हा पहिल्या खोलीपासून, आणि गुहेची मांडणी पूर्ण बदललेली. मी नोकरीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे तेच बटण दिवसभर दाबून ते तसंच वागतं ना हे बघते. त्यामुळे घरी येऊन पुन्हा तेच करण्यात कुणाला काय मजा वाटते, हे मला कळेना. आठवड्याभरात कंटाळाल, असं मी त्यांना सांगूनही टाकलं.

"अगं, मी पाचवीला जन्मभर अपूर्णांक शिकवले," हेडबाई म्हणाल्या. "अपूर्णांक तेच. पण दर जूनला समोर पोरं नवी. एका वर्गाला पोळीचे तुकडे करून कळायचं, दुसऱ्याला ढिम्म कळायचं नाही. जे मास्तर एकच टाचण वर्षानुवर्षं वाचून दाखवायचे ना, ते कंटाळले. मला वेळ कुठे होता कंटाळायला?"

मेल्यावर कारण सांगायचं, हा नियमही शाळेतलाच. गणित चुकलं की मुलाने उभं राहून का चुकलं ते एका शब्दात सांगायचं, मगच खाली बसायचं. खेळात तर त्यांनी स्वतःला जास्तच कडक धरलं होतं. एकदा छतावरून धोंडा पडून त्या मेल्या तेव्हा मी सहज म्हणाले, "नशीब, दुसरं काय!" तर माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नशीब हे कारण नव्हे. धोंड्याखालून जायला तुला कुणी सांगितलं होतं, असं विचारायचं."

तरी एका बाबतीत त्यांचं पुणेरीपण आड यायचं. घरात खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करणारी ही बाई गुहेतही कंदिलाची वात बारीक करून चालायची. तेलाची बाटली सापडली की पिशवीत. दुसरी सापडली, तीही पिशवीत. आणि मग अंधारात एखाद्या अस्वलावर जाऊन आदळायच्या. "हेडबाई, पिशवी भरून तेल होतं हो!" मी कपाळाला हात लावायचे. "पुढे लागलं असतं," त्या म्हणायच्या. पुढे म्हणजे कुठे, हे मात्र त्यांना सांगता यायचं नाही. कारण म्हणून "काटकसर" हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायला कितीतरी महिने लागले, आणि पडला तोही अगदी पुटपुटल्यासारखा.

मग डोळ्यांचं निघालं. पडद्याचा आजार. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग येतो आणि तो वाढत जातो. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, पण फार आशा दाखवली नाही. घरी आल्यावर हेडबाईंनी चहा टाकला आणि मला सांगितलं, "वाचन सुटणार. ठीक आहे, पुष्कळ वाचलं. पण त्या गुहेचा तळ मी बघणार. माझ्या डोळ्यांनी."

मला भडभडून आलं. मी म्हटलं, खेळाच्या शेवटाचे व्हिडिओ मिळतात, आत्ता लावते, निदान बघून तर घ्या. हेडबाई भडकल्याच. "गणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं मी पोरांना खळीने चिकटवून आणायला लावायची. कशाला, माहितीये? मागे उत्तरं असायची. ठेव तो फोन आत."

त्यानंतर त्या वेगळ्याच खेळू लागल्या. वात मोठी, तेल सापडलं की लगेच कंदिलात. मान उजवीकडे कलती करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या, म्हणजे डाग बाजूला सरतो म्हणे. मानेला रग लागली की शेकायच्या आणि पुन्हा बसायच्या. मरायच्या आधीपेक्षा जास्त, पण कारणात "डोळे" हा शब्द एकदाही आला नाही. समोर उभा असलेला साप त्यांना दिसलेला नसायचा, हे मला स्वच्छ कळायचं. त्या म्हणायच्या, "कारण, गाफील." मला त्यांचा राग यायचा, आणि रागाच्या पोटी इतकी माया दाटून यायची की मी उठून उगाच भांडी विसळायला घ्यायचे.

एका रविवारी त्या तळाच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या. इतक्या खाली आम्ही कधीच आलो नव्हतो. आता फक्त खाली जाणाऱ्या पायऱ्या शोधायच्या होत्या. "तू एक अक्षर बोलायचं नाहीस," त्यांनी मला बजावलं. पायऱ्या पडद्याच्या मधोमध होत्या, ढळढळीत. हेडबाई त्यांच्या डावीकडून गेल्या, उजवीकडून गेल्या, भिंती चाचपून परत आल्या. पिशवीत तेल नव्हतंच, कंदिलातलं उतरू लागलं. मी ओढणीचा बोळा तोंडात धरून बसले होते. त्या आणखी एकदा अगदी कडेवरून गेल्या आणि कंदील विझला.

"गेले," त्या हळूच म्हणाल्या.  कारण न सांगता त्यांनी विचारलं, "कुठे होत्या गं?"

"समोरच."

"कारण, डोळे," हेडबाई म्हणाल्या आणि कंट्रोलर टीपॉयवर ठेवून दिला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या रडल्या नाहीत, माझी पाठ थोपटत राहिल्या.

पुढे डाग पसरतच गेला आणि कोल्हापूरची लेक, वृंदाताई, त्यांना घेऊन गेली. सामान बांधताना खेळाचं यंत्र मी घ्यावं असं तिने सुचवलं. मी हो म्हणणार, तोच आतून आवाज आला, "ते माझ्या पिशवीत." मला वाटलं, आठवण म्हणून नेत असतील.

काही दिवसांनी वृंदाताईचा काळजीचा फोन आला. आई रोज टीव्ही लावून बसते, काही म्हणता काही दिसत नाही, पहिल्याच खोलीत मरते, पुन्हा सुरू करते. थांबवू का? मी म्हटलं, थांबवून बघा, आणि काय उत्तर मिळतं ते मलाही कळवा.

परवा पुन्हा फोन आला. वृंदाताई काही सांगणार, तोच हेडबाईंनी तो हिसकावून घेतलेला ऐकू आला.

"अगं, दुसऱ्या खोलीत पोचले मी," त्या म्हणाल्या. "तिथे पाणी टपकतं. इतकी वर्षं बघत होते, कधी ऐकलंच नव्हतं."