विझवलेला राब

कर्जतकडच्या डोंगरात तीन दिवस स्वयंपाकाला जायचं आहे, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "तिथं आग लागते का?"

"तू चूल पेटवशील तेवढीच," म्हणून त्या हसल्या.

पनवेलच्या ज्या रोपवाटिकेत मी पिशव्यांत माती भरते, तिथल्या या मॅडम. त्यांनी काम दिलं, राहायला खोली दिली, त्यांना नाही म्हणवत नाही. हिंगोली जिल्हा सोडून मला चार वर्षं झाली, पण फाटकाबाहेर लांब कुठं जायचं म्हटलं की अजून मी न जायची कारणं शोधते. आपल्या गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असा गुरुजींचा निरोप दोनदा आला. सातवीत शाळा सुटलेली बाई काय लिहिणार? पण हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण माझी भीती कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा जन्मली नव्हती त्या पोरांसाठी सांगते. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, बांधावरचं गवत पेटवलं आणि ते घरी जेवायला आले. मी शेतातच होते. आग बांधावरून सरकत कडब्याच्या गंजीकडे चालली होती आणि मी बघत होते. ओरडायला तोंड उघडलं, आवाजच निघाला नाही. गंजी गेली, गोठा गेला, आत बांधलेली गाय गेली. त्याच वर्षी माझी शाळा सुटली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तर मार्चमधल्या एका सकाळी आम्ही टेंपोतून निघालो. टेंपो बशीरचाचांचा. ते खालापूरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या कोकणातलं घर. मागे पातेली, तांदूळ, कोयते आणि स्वखुशीनं मदतीला निघालेली दहा-बारा शिकलेली पोरंपोरी. पुढे चाचा, मी आणि कांबळे सर. सर कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेले; आम्ही चाललो होतो ते डोंगर वणव्यापासून वाचवायचं काम त्यांनीच उभं केलेलं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं लोधिवलीपाशी चहाला थांबलो. समोरचा डोंगर अर्धा पिवळा, अर्धा काळा होता. काळ्या भागात झाडांचे नुसते बुंधे उभे होते.

"हे काय झालंय?" मी विचारलं.

"वणवा, दुसरं काय," चाचा म्हणाले. "दरसाल लागतो. कोण म्हणतो गवत चांगलं येतं, कोण सशापायी लावतो, कोण बिडी टाकतो. नाव इचारलं तर डोंगर आपला आपणच पेटतो."

सगळे हसले. चहाबरोबर घेतलेला वडापाव मी खाल्ला नाही. पुरचुंडी करून पिशवीत ठेवला.

चौकवरून वळून कर्जत, मग कडाव. कडावला भात झोडून झालेली शेतं रिकामी पडली होती, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली समोरून येत होत्या. आपल्यासारखी काळी माती नाही इकडे, बांध उंच, खाचरं लहान. कळंबच्या पुढे रस्त्याला दोन्ही बाजूंनी रिसॉर्टच्या पाट्या, आणि पाट्या संपल्या की डोंगर. तिथं एका वाडीत आमचा मुक्काम.

वाडीत आम्ही जनाबाईंच्या ओटीवर उतरलो. साठीच्या पुढची बाई, अंगानं काटक, जिभेनं त्याहून. मला पाहून म्हणाली, "ही कोण गं? हिला वारा लागला तरी पडंल." पण लगेच हातात पेज दिली, वर भाजलेली सुकट. लांबच्या माणसाला असं घरातलं खायला मिळालं की मला रडायलाच येतं. ते लपवायला मी पेज फुंकत बसले.

तिच्या घरामागून चढ सुरू होतो. चढाच्या पोटात उंबराखाली झरा आहे, सगळी वाडी त्यावर पिते. दोन वर्षांमागं वरचं रान जळलं आणि त्या उन्हाळ्यात झरा लवकर आटला. बायका हंडे घेऊन खाली रस्त्यापर्यंत टँकरला जात होत्या. म्हणून सर आलेले. वाडीच्या बायकांना घेऊन रानाच्या कडेनं जाळरेषा (वणवा ओलांडू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा) करायची. वारं सुटायच्या आत ती झाली तर झरा वाचणार, नाहीतर पुन्हा टँकर.

"पट्ट्यातलं गवत आपणच जाळायचं, देखरेखीखाली," सर म्हणाले.

आपणच जाळायचं! मी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी हंडा-कळशी घेऊन झऱ्यावर गेले. भरून परत येताना पाहिलं तर वाटेशेजारच्या खाचरात धूर. पांढरा, दाट, जमिनीला धरून. खाली लालसर रेघ हळूहळू सरकत होती. आसपास माणूस नाही. वर लगेच रान.

माझ्या डोळ्यांसमोर गंजी आली. पण या वेळी आवाज निघाला. एवढा निघाला की मीच दचकले. "आग! आग लागली! धावा!" हंडा ओतला, कळशी ओतली, परत झऱ्याकडे पळाले. तोवर पोरंपोरी शिट्ट्या वाजवत आली. कुणी बादली, कुणी डहाळी, कुणी फावडं. दहा मिनिटांत सगळं उपसून, पसरून, चिखल करून आम्ही आग विझवली. एका पोरीनं मला मिठी मारली. "मावशी, तुम्ही जंगल वाचवलंत!"

इतक्यात घराकडून जनाबाई पळत आली. चिखलाकडे पाहून ती मटकन खाली बसली.

"अगं बाई, काय केलंस गं हे! माझा राब इझवलास?"

राब म्हणजे काय हे आम्हां कुणालाच ठाऊक नव्हतं. सर येईपर्यंत जनाबाईच सांगत होती, रागानं आणि रडत. भाताची रोपं जिथं करायची तो तुकडा इकडे उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, कवळ (झाडाच्या तोडलेल्या फांद्या), गवत, पातेरा (वाळकी पानं) असे थर रचायचे, वरून बारीक माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं. मग ते दमादमानं जळतं, तण मरतं, रोप जोमानं येतं. जनाबाईनं महिनाभर डोक्यावर भारे वाहून तो राब रचला होता. आम्ही तो फावड्यानं उपसून टाकला होता.

वाडीतल्या बायका जमल्या. एकजण म्हणाली, "रान वाचवायला आलेत म्हनं. आमचा भात इझवून चालले!"

दुसरी सरांना म्हणाली, "सर, तुमची जाळरेषा तुमीच करा. आमी नाय येत."

सरांनी हात जोडले. बायका वळून गेल्या. मागे उरलो आम्ही टेंपोतून आलेलेच, आणि पट्टा जवळजवळ सगळ्या चढाला करायचा होता.

मी चाचांना म्हटलं, मला पनवेलला सोडा. चाचांनी बॉनेट पुसता पुसता म्हटलं, "सोडतो की. पन जनाबाईला काय सांगू? राब इझवला आनि बाई पळाली?"

म्हणून मी तिच्या दारात गेले. म्हटलं, "आत्या, राब परत कसा रचायचा ते सांगा. मी रचून देते."

तिनं टोपली माझ्याकडे सरकवली. "पातेरा गोळा कर आधी. दुपारी कवळ बघू. फांदी कापायची, झाड नाय. झाडच मारलं तर पुढल्या साली काय, तुला जाळू?"

मी रानाच्या कडेला पानं झाडायला लागले. सागाची, ऐनाची, ताटाएवढी पानं. टोपली भरायची, खाचरात ओतायची, परत यायचं. थोड्या वेळानं ती मिठी मारणारी पोरगी आली, मग बाकीची आली. जेवणाच्या वेळेला जनाबाईची सून आली, म्हणाली, "आमच्या राबाला बी पातेरा पायजे, सगळा नेऊ नका." ती खराटा घेऊनच आली होती. तिच्या मागून आणखी दोघी.

दिवस कलायला लागला तेव्हा सर वर आले आणि उभे राहिले. रानाच्या कडेनं, जिथून आम्ही पानं झाडून नेली होती, तिथं उघडी लाल माती दिसत होती. झऱ्याच्या वरपर्यंत चांगला बैलगाडीएवढा रुंद पट्टा.

"अहो, ही तर जाळरेषाच झाली," सर म्हणाले. "आणि एक काडी न पेटवता."

जनाबाई म्हणाली, "तुमी जाळरेषा म्हनता, आमी पातेरा म्हनतो. आधी तसंच सांगायचं ना, सर! आमची पोरं आता पातेऱ्याला जात नाईत, म्हनून तर रान पेटतं."

ठरलं, उद्या उरलेला भाग वाडीनंच झाडायचा. मला त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी वरच्या टोकाला होते. बाकीचे भाकरी खायला झऱ्यावर उतरले होते. टोपली भरून मान वर केली तर पलीकडे, रस्त्याच्या अंगाला, धूर.

तोंड उघडलं, आणि मिटलं. कुणाचा तरी राब असेल. पुन्हा ओरडले, पुन्हा बायका जमल्या, पुन्हा कुणाचं महिन्याचं काम मातीत गेलं तर? मी बघत राहिले. धूर काळपट होता, उंच चढत होता, जागा सोडून पुढे येत होता. हे सगळं मला दिसत होतं. मग आवाज आला. तडतड तडतड, वाळक्या तुरी झोडाव्या तशी. त्यानंतर एक ससा माझ्या पायांवरून गेला.

तेव्हा मी ओरडले. लहानपणची राहून गेलेली हाकही त्यात असावी.

बायका आधी आल्या, शिकलेली पोरं मागून. जनाबाईनं करंजाची हिरवी डहाळी मोडून माझ्या हातात दिली. "उचलू नको उंच, ठिनगी उडंल. दाबत ने, जळल्या बाजूला दाबत ने. आनि माझ्या मागं राहा गं!" धुरात मला तिची पाठ तेवढी दिसत होती. डोळ्यांतून पाणी, घशात काटे, पायाखाली माती तापलेली. मला वाटलं, आता इथंच संपलं. पळावं असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. पळायचं कुठं ते कळत नव्हतं, म्हणून मारत राहिले.

आग झाडलेल्या पट्ट्याशी आली, पुढे खायला काही नव्हतं, तिथं बसली. पण वरच्या टोकाला, जिथं पानं झाडायची राहिली होती, तिथून ती आत शिरली. दोन वर्षांपूर्वी सरांनी आणि वाडीनं लावलेली हिरड्या-बेहड्यांची रोपं तिथं होती. आम्ही पोचेपर्यंत ती गेली होती. उंबर वाचला. झरा वाचला.

जनाबाई काळ्या तोंडानं खडकावर बसली होती. म्हणाली, "तुला धूर आधी दिसला ना?"

मी मान हलवली.

"मग काल ओरडलीस, तशी आज का नाय ओरडलीस?"

"वाटलं, राब असेल."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मला वाटलं, आता बोल लावेल. ती म्हणाली, "राबाला मानूस असतो गं. डहाळी घेऊन उभा असतो, जळून जाईस्तोवर. वनव्याला कोन नसतो. धूर दिसला का आधी मानूस बघायचा." थोडं थांबून म्हणाली, "काल मी चहा प्यायला घरी गेले. राब सोडून जायचं नसतं. तू बराबर ओरडलीस. चूक माजी, आनि मीच तुला बोलले."

मला गंजी जळाली तेव्हापासून असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

निघताना तिनं पिशवीत गावठी तांदूळ घातला. "पुढल्या साली ये, राब भाजायला. पान्याचा हंडा नको आनू." चाचा हसत हसत टेंपो चालू करत होते. लोधिवलीला तोच काळा डोंगर परत दिसला. जाताना मी फक्त काळं पाहिलं होतं; आता कडेकडेनं पाहत गेले, कुणी उभं आहे का.

पनवेलला पोचल्यावर धाकट्या भावाला, संभाला, फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. बोलता बोलता म्हणाला, "बांध पेटवून दिलाय बघ आत्ताच. आलो जेवायला."

मी विचारलं, "तिथं कोण आहे?"

"कोन पायजे? गवत हाय, जळतंय."

"संभा, ताट ठेव. आत्ता जा."

"अगं ताई, दोन घास तरी..."

"आत्ता जा म्हणते ना!"

तो पुटपुटला, पण फोन बंद केला नाही. मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग ढेकळांवर पडणारी पावलं, मग दम. मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून कान लावला होता. मग ती तडतड आली.

आणि त्याच्या वरून त्याचा आवाज, "आलो गं ताई. हुबा हाय."